पॉवर बीआयची पीबीआयएक्स फाइल बाहेरच्या साधनांनी बदलावी का, आणि बदलायची तर कुठून हात घालावा?

हिशेबवही (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी सांगलीतल्या एका वितरण कंपनीत विक्रीचे मासिक अहवाल सांभाळतो. आमचा मुख्य अहवाल पॉवर बीआय डेस्कटॉप या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवण्याच्या साधनात गेली तीन-चार वर्षे वाढत वाढत आता २२ पाने आणि १८० मेझरपर्यंत (म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या हिशेबाच्या सूत्रांपर्यंत) पोहोचला आहे. यंदा संचालकांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की रकमा लाख-कोटीच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन दिसाव्यात. ‘१२,३४५,६७८’ असे आकडे वाचताना बैठकीत प्रत्येक जण मनातल्या मनात पुन्हा मोजतो, ही त्यांची तक्रार अगदी रास्त आहे. दुसरी अशी की सगळ्या पानांवरचा फॉन्ट आणि शीर्षकांचा रंग बदलावा. एकेक मेझर आणि एकेक व्हिज्युअल (आलेख, कोष्टक वगैरे) उघडून हे करायचे तर दोन आठवडे सहज जातील.

पीबीआयएक्स, म्हणजे डेस्कटॉप अहवाल ज्यात जतन करतो ती फाइल, मुळात झिप फाइल असते असे कुठेतरी वाचले होते, म्हणून मूळ फाइलची प्रत काढून तिचे एक्स्टेन्शन बदलले आणि ती उघडली. आत ‘रिपोर्ट’ या फोल्डरमध्ये ‘लेआउट’ नावाची फाइल मिळाली. ती नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडून फॉन्टचे नाव शोधून बदलले, फोल्डर पुन्हा झिप केला, एक्स्टेन्शन पूर्ववत केले. पण डेस्कटॉपने फाइल बिघडलेली असल्याचे सांगून ती उघडण्यास साफ नकार दिला. मेझर तर त्या फोल्डरात कुठे वाचता येतील अशा स्वरूपात दिसलेच नाहीत.

माझे प्रश्न असे आहेत. हा मार्ग मुळातच चुकीचा आहे की माझ्याकडून एखादी पायरी राहिली? मेझरचे स्वरूप एकगठ्ठा बदलण्याचा मान्य मार्ग कोणता? आणि आम्ही दोघे जण या एकाच अहवालावर काम करतो, फाइल ईमेलने इकडून तिकडे फिरते आणि तिच्या नावामागे ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरोखर अंतिम’ असे शेपूट वाढत जाते. त्यावर काही उपाय आहे का? आमच्याकडे फक्त प्रो परवाने आहेत.

कोष्टककार

तुमच्याकडून दोन पायऱ्या राहिल्या असाव्यात. त्या सांगतो, पण त्या मार्गाने पुन्हा जाऊ नका हेही लगेच सांगून ठेवतो.

पीबीआयएक्सच्या आत ‘सिक्युरिटी बाइंडिंग्ज’ नावाची एक लहानशी फाइल असते. आतला मजकूर बाहेरून बदलला की तिच्यातली नोंद जुळत नाही आणि डेस्कटॉप फाइल नाकारतो. लोक ती फाइल काढून टाकतात, ‘कंटेंट टाइप्स’च्या यादीतला तिचा उल्लेखही पुसतात आणि मग फाइल बहुधा उघडते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आतल्या घटकांऐवजी त्यांना धरून असलेला बाहेरचा फोल्डरच झिप करणे. त्यामुळे सगळे एक पायरी खाली सरकते आणि डेस्कटॉपला काहीच सापडत नाही. शिवाय ‘लेआउट’ ही फाइल यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) असते, आणि संपादकाने ती जतन करताना यूटीएफ-८ केली तरी गाडी अडते. या प्रकाराला मायक्रोसॉफ्टचा कसलाही पाठिंबा नाही आणि एखादी चूक लगेच न दिसता महिनाभराने तोंड वर काढू शकते, हे लक्षात घेता तो फक्त कुतूहलापुरता ठेवावा.

मेझर का दिसले नाहीत याचे कारण समजले की पुढचे सगळे सोपे होते. अहवालाच्या फाइलमध्ये दोन वेगळ्या वस्तू एकाच पिशवीत घातलेल्या असतात. एक म्हणजे सेमँटिक मॉडेल, ज्यात टेबल, संबंध, मेझर आणि प्रत्यक्ष डेटा येतो. दुसरी म्हणजे अहवाल, ज्यात पाने, व्हिज्युअल, बुकमार्क आणि रंगसंगती येते. मॉडेल हे ‘डेटा मॉडेल’ नावाच्या कॉम्प्रेस केलेल्या बायनरी फाइलमध्ये असते. ती विश्लेषण इंजिनाची बॅकअप असल्यामुळे कोणत्याही मजकूर-संपादकात ती वाचता येणार नाही. म्हणजे तुमची पहिली मागणी मॉडेलची आहे, दुसरी अहवालाची आहे, आणि दोन्हींसाठी साधने वेगळी आहेत.

ही पिशवी उसवण्याचा अधिकृत मार्ग म्हणजे पॉवर बीआय प्रोजेक्ट, म्हणजेच पीबीआयपी. जून २०२३ मध्ये हे स्वरूप प्रीव्ह्यू म्हणून आले. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पीबीआयएक्सऐवजी ते निवडले की एका फाइलच्या जागी दोन फोल्डर तयार होतात, एक मॉडेलचा आणि एक अहवालाचा. (तुमच्या आवृत्तीत हा पर्याय दिसत नसेल तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘प्रीव्ह्यू फीचर्स’मध्ये तो चालू करावा लागेल.) मॉडेल टीएमडीएल या मजकुराच्या स्वरूपात ठेवले की प्रत्येक टेबलाची स्वतंत्र फाइल मिळते. तिच्यात मेझरचे नाव, सूत्र, फॉरमॅट, डिस्प्ले फोल्डर हे सगळे ओळीओळीने असे वाचता येते की पहिल्यांदा उघडणाऱ्यालाही बिचकायला होत नाही. अहवाल पीबीआयआर स्वरूपात ठेवला तर प्रत्येक पानाचा फोल्डर आणि प्रत्येक व्हिज्युअलची वेगळी जेसन (रचनाबद्ध मजकुराची) फाइल मिळते. या फाइली बाहेरून बदलणे मान्य आहे. त्याआधीच्या जुन्या स्वरूपात मात्र संपूर्ण अहवाल एकाच लांबलचक जेसनमध्ये असे आणि त्याला बाहेरून हात लावणे समर्थित नव्हते, म्हणून जतन करताना नेमके कोणते स्वरूप निवडले आहे ते तपासा.

एक सवय आधीच लावून घ्या. डेस्कटॉप उघडा असताना फोल्डरातली फाइल बदलली तर डेस्कटॉपला त्याचा पत्ता लागत नाही, आणि तुम्ही तिथे जतन केले की बाहेरचा बदल पुसला जातो. आधी डेस्कटॉप बंद करा, मग फाइल बदला, मग प्रोजेक्ट उघडा. नको वाटल्यास ‘सेव्ह अ‍ॅज’ने पुन्हा पीबीआयएक्स करता येते, त्यामुळे परतीची वाट बंद होत नाही.

फॉन्ट आणि रंगासाठी बाहेरच्या साधनाची गरज पडण्यापूर्वी थीम फाइल वापरून पाहा. ‘व्ह्यू’मधून थीमची एक जेसन फाइल लावली की २२ पानांवरचा फॉन्ट एका झटक्यात बदलतो. अपवाद एवढाच की कोणी एखाद्या व्हिज्युअलवर हाताने रंग किंवा फॉन्ट दिला असेल तर तिथे थीमचे चालत नाही, हाताने दिलेलेच टिकते. तीन-चार वर्षांच्या अहवालात असे हात भरपूर फिरलेले असणार. ते शोधून काढण्यासाठी मग पीबीआयआरच्या फाइली आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड या मजकूर-संपादकाचा शोध कामी येईल.

तांबडी रेघ

कोष्टककारांनी फाइलींचा मार्ग सांगितला. १८० मेझरसाठी मी मात्र फाइलींना न शिवता चालू मॉडेललाच जोडून घेईन.

अहवाल उघडला की डेस्कटॉप पडद्यामागे अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेसचे एक स्थानिक इंजिन सुरू करतो आणि ते दर वेळी वेगळ्या पोर्टवर ऐकत असते. जुलै २०२० पासून डेस्कटॉपमध्ये ‘एक्स्टर्नल टूल्स’ ही फीत आहे. तिच्यातल्या चिन्हावर टिचकी मारली की सर्व्हरचा पत्ता आणि डेटाबेसचे नाव त्या साधनाला आपोआप दिले जाते, पोर्ट हुडकत बसावे लागत नाही. टॅब्युलर एडिटर, डॅक्स स्टुडिओ आणि एएलएम टूलकिट ही तिथली नेहमीची मंडळी. तुमच्या कामाला टॅब्युलर एडिटरची दुसरी आवृत्ती पुरेशी आहे. ती मुक्त स्रोत आहे आणि विनामूल्य मिळते, तिसरी आवृत्ती विकत घ्यावी लागते.

त्यात सी शार्पची छोटी स्क्रिप्ट लिहिता येते. मॉडेलमधल्या सगळ्या मेझरवरून एक फेरी मारायची आणि प्रत्येकाच्या फॉरमॅटच्या सूत्रात हवा तो मजकूर भरायचा, असे चार ओळींचे काम आहे. पण फेरी सरसकट मारू नका. आधी मेझरचा सध्याचा फॉरमॅट तपासा आणि त्यात टक्केवारीचे चिन्ह असेल किंवा तो तारखेचा असेल तर ते मेझर वगळा. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा हा विचार केला नव्हता आणि नफ्याचे प्रमाण दाखवणाऱ्या सगळ्या रकान्यांत शून्ये अवतरली. सुदैवाने जतन करण्यापूर्वी लक्षात आले.

लाख-कोटीसाठी डायनॅमिक फॉरमॅट स्ट्रिंग वापरा, जी एप्रिल २०२३ मध्ये प्रीव्ह्यू म्हणून आली. तिच्यात फॉरमॅट हा स्थिर मजकूर नसून स्वतःच डॅक्स या पॉवर बीआयच्या सूत्रभाषेतले एक सूत्र असते. निवडलेल्या मेझरची किंमत एक कोटी किंवा अधिक असेल तर एक साचा, एक लाख किंवा अधिक असेल तर दुसरा, अन्यथा नेहमीचा. साच्यात शेवटी तीन अंकांचा गट आणि त्याआधी दोन-दोनच्या जोड्या असतात, आणि मधले स्वल्पविराम उलट्या तिरक्या रेघेमागे ठेवायचे असतात, म्हणजे ते हजाराचे विभाजक न मानले जाता जसेच्या तसे छापले जातात. तुमच्या आकड्यांची मजल शंभर कोटींच्या पुढे जात असेल तर आणखी एक जोडी वाढवून चौथा साचा करा.

या सूत्रात दोन खाचखळगे आहेत. परतावा किंवा तोटा उणे रकमेत येतो, आणि उणे रक्कम ‘एक लाख किंवा अधिक’ ही अट कधीच पुरी करत नाही; त्यामुळे उणे रकमा पाश्चात्त्य पद्धतीनेच दिसत राहतात. तुलना करताना किंमत एबीएसमधून (उणे चिन्ह काढून टाकणाऱ्या फंक्शनमधून) घ्या. दुसरा खड्डा बारीक आहे: किंमत ९९,९९९.६ असेल तर अट लाखाखालचा साचा निवडते, पण छापताना आकडा पूर्णांकात येऊन एक लाख होतो आणि ‘१००,०००’ असा चुकीच्या स्वल्पविरामाने दिसतो. म्हणून एबीएसच्या बाहेर राउंडही (पूर्णांकात आणणारे फंक्शन) लावा. हे हजारात एखाद्याच वेळी घडेल, पण नेमके संचालकांच्या डोळ्यांसमोर घडेल.

कोणी फॉरमॅट हे फंक्शन थेट मेझरच्या सूत्रात गुंडाळायला सांगितले तर ऐकू नका. त्याने किंमत संख्या न राहता मजकूर होते, मग आलेख काढता येत नाही आणि क्रमवारीही अक्षरांप्रमाणे लागते. डायनॅमिक फॉरमॅटमध्ये किंमत संख्याच राहते, फक्त दिसणे बदलते.

टॅब्युलर एडिटरमध्ये जतन केले म्हणजे बदल डेस्कटॉपच्या स्मृतीतल्या मॉडेलमध्ये गेला, डिस्कवर गेला नाही. त्यानंतर डेस्कटॉपमध्येही जतन करावे लागते. पूर्वी बाहेरच्या साधनांनी मॉडेलमधल्या कोणत्या गोष्टींना हात लावायचा यावर मर्यादा होत्या आणि टॅब्युलर एडिटरमध्ये त्यासाठी वेगळी खूण करावी लागे. जून २०२५ च्या डेस्कटॉपपासून ती बंधने उठली आहेत, त्यामुळे जुन्या लेखांतले इशारे वाचून घाबरू नका. फक्त आपला डेस्कटॉप त्यानंतरचा आहे ना, ते पाहा.

घाटमाथा

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. मी तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे दोघांच्या कामाकडे येतो, आणि मराठीत कॉलमची नावे ठेवणाऱ्यांसाठी एक इशाराही देतो.

पीबीआयपीचा फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, ठेवला की कोणी कोणते मेझर बदलले ते ओळीनिशी दिसते, आणि तुमची ‘खरोखर अंतिम’ची परंपरा तिथेच संपते. मॉडेल एकाने आणि अहवाल दुसऱ्याने सांभाळला तर टक्कर फारशी होत नाही. त्यासाठी फॅब्रिक या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेतले गिट एकत्रीकरण लागेलच असे नाही. प्रो परवान्यावर साधे गिट वापरून शेवटी नेहमीसारखे डेस्कटॉपमधून पब्लिश करता येते.

मात्र फोल्डरातल्या ‘कॅश डॉट एबीएफ’ या फाइलकडे लक्ष असू द्या. तीत मॉडेलमधला प्रत्यक्ष डेटा असतो. डेस्कटॉप स्वतः तयार करतो त्या गिटइग्नोरमध्ये (गिटने कोणत्या फाइली सोडायच्या त्या यादीत) ती वगळलेली असते, पण आमच्या एका जुन्या कार्यालयात फोल्डर दुसऱ्या रिपॉझिटरीत (गिटच्या साठ्यात) हलवताना ती लपलेली गिटइग्नोर फाइल मागे राहिली आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा सगळा डेटा सामायिक रिपॉझिटरीत चढला. फाइल नंतर काढली तरी ती गिटच्या इतिहासात शिल्लक राहते. इतिहास नव्याने लिहिण्यात आमचे दोन दिवस गेले. आणि ती फाइल नसलेली प्रत तुमच्या सहकाऱ्याने उघडली तर अहवाल रिकामा दिसेल. तो बिघाड नव्हे, त्याला फक्त एकदा रिफ्रेश करावे लागेल.

आता एन्कोडिंग. या फाइली बीओएमशिवायच्या (सुरुवातीला एन्कोडिंगची खूण नसलेल्या) यूटीएफ-८ मध्ये जतन व्हायला हव्यात. इंग्रजी नावे असलेल्या मॉडेलमध्ये ही चूक खपून जाते, कारण इंग्रजी अक्षरे बहुतेक एन्कोडिंगमध्ये सारखीच असतात. आपल्या मॉडेलमध्ये ‘तालुका’, ‘विक्रेता’, ‘येणे बाकी’ अशी नावे असली की ती लपत नाही. विंडोजबरोबर येणारे पॉवरशेल ५.१ हे स्क्रिप्ट चालवण्याचे साधन बीओएम नसलेली फाइल यूटीएफ-८ मानत नाही, एएनएसआय हे जुने एन्कोडिंग मानून वाचते; म्हणजे शोधून बदलण्याची साधी स्क्रिप्ट चालवली की देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. लिहिताना यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगितले तरी ही आवृत्ती सुरुवातीला बीओएम जोडते. पॉवरशेल ७ वापरा, त्यात मुळातच बीओएमविरहित यूटीएफ-८ आहे, किंवा सरळ व्हिज्युअल स्टुडिओ कोडमधूनच बदल करा. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे टीएमडीएल एक्स्टेन्शन बसवा, कारण टीएमडीएलमध्ये रचना इंडेंटवर (ओळ किती आत सरकली आहे यावर) ठरते आणि टॅबच्या जागी चुकून मोकळ्या जागा पडल्या की मॉडेल उघडत नाही; एक्स्टेन्शन अशी ओळ तिथल्या तिथे दाखवून देते.

किरकोळ गोष्टी: ओळींच्या शेवटाची चिन्हे डेस्कटॉप विंडोजच्या पद्धतीने लिहितो, तेव्हा गिटमध्ये त्याप्रमाणे सेटिंग ठेवा, नाहीतर एक ओळ बदलली तरी संपूर्ण फाइल बदललेली दिसेल. प्रोजेक्ट ‘डी’ ड्राइव्हच्या मुळाशी आखूड नावाच्या फोल्डरात ठेवा; पीबीआयआरमध्ये पान, व्हिज्युअल अशी उतरंड खोल जाते आणि विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा पाहता पाहता ओलांडली जाते. वनड्राइव्हवर थेट जतन करण्याच्या भानगडीत पडू नका.

हिशेबवही

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवसांत काय झाले ते सांगतो, कारण अर्धे जमले आणि अर्धे फसले.

तांबडी रेघ यांच्या सांगण्याप्रमाणे स्क्रिप्ट लिहिली, टक्केवारीची ३१ मेझर वगळली आणि उरलेल्यांना एकच सूत्र दिले. स्क्रिप्ट चालायला एक श्वास घेण्याइतका वेळ लागला. कोष्टकांमध्ये रकमा लाख-कोटीत दिसू लागल्या. कार्ड व्हिज्युअलवर मात्र अजून हजार आणि मिलियनची इंग्रजी अक्षरे येत होती. ‘डिस्प्ले युनिट्स’ आपोआपवर होते, ते ‘नन’ केल्यावर ठीक झाले.

उत्साहाच्या भरात मग एक आगाऊपणा केला. आमच्या मॉडेलमध्ये ‘नेट सेल’ नावाचे मेझर होते, त्याचे नाव टीएमडीएलच्या फाइलमध्ये जाऊन ‘निव्वळ विक्री’ असे केले. डेस्कटॉप उघडल्यावर त्या मेझरवर उभी असलेली सात-आठ मेझर चूक दाखवू लागली आणि निम्म्या पानांवरची व्हिज्युअल करड्या चौकटी होऊन बसली. यापूर्वी डेस्कटॉपमध्ये कित्येकदा नावे बदलली आहेत आणि सगळीकडे ती आपोआप बदलत असत. इथे तसे का झाले नाही? आणि आता नाव परत घ्यावे की पुढे जावे?

कोष्टककार

घाबरू नका, हे प्रत्येकाचे एकदा होते.

मॉडेल आणि अहवाल यांना जोडणारा धागा म्हणजे नाव. व्हिज्युअलच्या जेसनमध्ये अमुक टेबल आणि त्यातले अमुक मेझर असे नावानेच लिहिलेले असते. डेस्कटॉपच्या नेहमीच्या पडद्यावर नाव बदलता तेव्हा तो मॉडेल आणि अहवाल या दोन्ही बाजू पाहत असतो आणि दोन्हीकडची नोंद सुधारतो. तुम्ही मजकुराच्या फाइलमध्ये फक्त एका बाजूची पाटी बदललीत, दुसरी बाजू जुन्याच पाटीला शोधत राहिली. जानेवारी २०२५ मध्ये डेस्कटॉपच्या आतच टीएमडीएल व्ह्यू आला आहे. तिथे नाव बदललेत तरीही त्यावर आधारलेली व्हिज्युअल अशीच तुटतात, तेव्हा ‘डेस्कटॉपमध्येच केले होते’ या समजुतीवर विसंबू नका.

मेझरमधली सूत्रे तुटली ती मजकूर-संपादकामुळे. टॅब्युलर एडिटरला सूत्रांची ओळख असते, त्यामुळे तिथे नाव बदलले की मॉडेलमधल्या इतर सूत्रांतला उल्लेख ते साधन सुधारून घेते. पण अहवालाच्या बाजूचे त्याला काहीच ठाऊक नसते. म्हणून माझा नियम असा आहे की नाव बदलायचे तर डेस्कटॉपच्या पडद्यावर एकेक बदलायचे, आणि फॉरमॅट, वर्णने, डिस्प्ले फोल्डर, लपवणे-दाखवणे यांसारखे नावाला न शिवणारे बदल बाहेरून एकगठ्ठा करायचे.

तुमच्यापुढे आता दोन वाटा आहेत. गिटमध्ये आधीची स्थिती असेल तर तिथे परत जा आणि नाव डेस्कटॉपमध्ये बदला. पाच मिनिटांचे काम आहे आणि मी असतो तर हेच केले असते. पुढेच जायचे असेल तर प्रोजेक्टचा संपूर्ण फोल्डर व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये उघडा आणि जुने नाव सगळ्या फाइलींत शोधा. ते तुम्हाला व्हिज्युअलमध्ये तर सापडेलच, पण पानांच्या फिल्टरमध्ये, बुकमार्कमध्ये आणि सशर्त रंगांच्या नियमांतही सापडेल. ‘सगळे बदला’ हे बटण एकदम दाबू नका. ‘नेट सेल’ हे शब्द ‘नेट सेल मागील वर्ष’ या दुसऱ्या मेझरच्या नावातही असतील, आणि तिथे ते बदलले तर नवी मोडतोड सुरू होईल. अवतरणचिन्हांसकट पूर्ण नाव शोधा.

कोणता फोल्डर कोणत्या पानाचा हे ओळखणे सुरुवातीला अवघड जाईल, कारण त्यांची नावे २० अक्षरांची अर्थहीन मालिका असतात. प्रत्येक पानाच्या जेसनमध्ये त्याचे दिसणारे नाव असते, ते पाहा. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये व्हिज्युअलवर उजवी टिचकी मारून त्याचे अंतर्गत नाव कॉपी करण्याची सोयही चालू करता येते. जेसनमध्ये एखादा कंस किंवा स्वल्पविराम चुकला तर डेस्कटॉप प्रोजेक्ट उघडणार नाही. मात्र प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तिच्या स्कीमाचा (रचनेच्या नियमांचा) पत्ता दिलेला असतो आणि त्याच्या आधारे संपादक चुकीची ओळ आधीच अधोरेखित करतो, तेव्हा ते लाल नागमोडी अधोरेखन दिसत असताना फाइल बंद करू नका.

जुनी शीट

सगळे वाचले. इतक्या खटाटोपाऐवजी कॅल्क्युलेशन ग्रुप (अनेक मेझरना एकदम लागू होणारा सूत्रसंच) का नाही, हा माझा प्रश्न आहे. लाख-कोटीचे सूत्र एकाच जागी लिहायचे, ते सगळ्या मेझरना लागू होते, आणि उद्या संचालकांना पुन्हा मिलियन आवडू लागले तर एकच ओळ बदलावी लागते. २०२३ च्या अखेरीपासून हे डेस्कटॉपमध्येच करता येते, बाहेरचे साधनही नको.

तांबडी रेघ

जुनी शीट, मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यात दोन अडचणी आहेत. कॅल्क्युलेशन ग्रुपमधला घटक फिल्टरमध्ये निवडलेला असेल तरच तो लागू होतो. म्हणजे अहवालाच्या पातळीवर एक फिल्टर कायम लावून ठेवावा लागेल, आणि त्याच मॉडेलवर दुसरा अहवाल बनवणारा तो विसरला की आकडे जुन्या रूपात परततील. शिवाय ग्रुप तयार केला की मॉडेलमध्ये इम्प्लिसिट मेझर बंद होतात, म्हणजे कोणी एखादा संख्येचा कॉलम थेट ओढून बेरीज काढत असेल तर तसे करता येणार नाही. (व्यक्तिशः मला ते बंद झालेलेच आवडेल, पण प्रश्नकर्त्याच्या सहकाऱ्यांना विचारल्याशिवाय करू नये.) टक्केवारीची मेझर वगळण्याची अट तिथेही लिहावी लागतेच. एकच स्क्रिप्ट जपून ठेवली तर उद्याचा बदलही तीच करील.

हिशेबवही

गिटमधून कालच्या स्थितीला परत गेलो आणि नाव डेस्कटॉपमध्ये बदलले. सगळी व्हिज्युअल जागेवर आहेत. थीम फाइलने २२ पैकी १५ पाने सरळ झाली. उरलेल्या सात पानांवर हाताने दिलेले फॉन्ट आहेत, ते शोधून काढून टाकण्याचे काम सहकाऱ्याने घेतले आहे आणि तोवर मी मॉडेलकडे आहे, त्यामुळे एकमेकांच्या फाइलींवर पाय पडत नाहीत. राउंडचा सल्ला आधी जरा अति वाटला होता. परवा मिरजेच्या एका विक्रेत्याची येणे बाकी बरोबर ९९,९९९.७० निघाली.